कुकर माझा, तो परत दे!

रडून झालं. आइस्क्रीमचा फॅमिली पॅक एकटीने संपवून झाला. फोटो डिलीट झाले, नंबर ब्लॉक झाला, मग अनब्लॉक, मग पुन्हा ब्लॉक... सगळं यथासांग झालं. आणि मग एखाद्या मंगळवारी रात्री साडेनऊला साधा वरणभात लावावा म्हणून हात फळीकडे जातो आणि लक्षात येतं, अरेच्चा! कुकर तिकडे आहे. त्याच्याकडे!

ब्रेकअपवर गाणी ढीगभर आहेत. राहिलेल्या कुकरवर एकही नाही. म्हणून दोस्तहो, या आठवड्यात आपण हृदयाबद्दल बोलायचं नाही. सामानाबद्दल बोलायचं.

हिंजवडी, खराडी, पवई, ऐरोली. नोकरी नवी, शहर नवं, आणि भाडी अशी की दोघांनी एकत्र राहणं प्रेमाइतकंच हिशेबालाही परवडतं. मग संसार जमायला लागतो. फ्रिज तिचा, गादी त्याची, वॉशिंग मशीन ईएमआयवर, गॅसचं कनेक्शन भलत्याच मित्राच्या नावावर. आपल्या आयांच्या लग्नात रुखवताची निदान यादी तरी व्हायची. कोणाकडून काय आलं ते वहीत लिहिलेलं असायचं. लिव्ह-इनमध्ये यादी कोण करणार? आणि कोणी करायला घेतली तर समोरचा म्हणणार, ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही?’

माझी एक मैत्रीण आहे. नाव सांगणार नाही, सांगितलं तर माझी फुकटची कॉफी बंद होईल. बाणेरला बॉयफ्रेंडबरोबर दोन वर्षं राहिली. भाडेकरार त्याच्या नावावर. वॉचमनला सांगितलेलं, ‘कझिन आहे.’ सांगलीला घरी सांगितलेलं, ‘ऑफिसातल्या मुलीबरोबर शेअर करते.’ नातं संपलं त्या रात्री ती एक सॅक आणि लॅपटॉप घेऊन बाहेर पडली आणि पीजीत गेली. मागे चौदा वस्तू राहिल्या. कुकर, मिक्सर, पुस्तकांचं शेल्फ, डिग्रीच्या सर्टिफिकेट्सची फाइल, स्कूटर (हिच्या नावावर, फिरवतो तो), असं बरंच काही. आणि आजीची मोहनमाळ. चार तोळ्यांची. आजच्या भावाने किती होतात ते सराफाला विचारा आणि खाली बसून ऐका.

मोहनमाळ त्याच्याकडे कशी? एका मैत्रिणीच्या लग्नात हिने घातली होती. नंतर फ्लॅटवर ठेवायला नको म्हणून त्याच्या बँक लॉकरमध्ये. ‘तुझ्याकडे राहू दे.’ तीन शब्द. बोलताना किती गोड वाटतात!

तर मे महिन्यात मावसभावाचं लग्न. आईचा फोन, ‘येताना मोहनमाळ आण गं, आजी विचारतेय.’ हिने त्याला मेसेज केला. पहिलं उत्तर, ‘हो देतो ना.’ मग ‘या वीकेंडला जमत नाहीये.’ मग ‘एकदा भेटून बोलू या का?’ मग ‘डिपॉझिटमधले माझे पैसे आधी दे.’ आणि एका रात्री पावणेबाराला, ‘तुझ्या आईला माहितीये का आपण कुठे राहायचो ते?’

बॉस, हे शेवटचं वाक्य नीट वाचा. इथे मामला सामानाचा राहिला नाही. आधीची चार उत्तरं आळसाची, रागाची, कदाचित अजून प्रेमाचीसुद्धा असतील. पाचवं धमकीचं आहे. असा मेसेज आला की उत्तर द्यायचं नाही, डिलीट करायचा नाही, स्क्रीनशॉट काढून मूळ चॅटही जपून ठेवायचं. तुमची प्रतिष्ठा घालवायची धमकी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हेगारी धमकीत येऊ शकते. आणि धमकी खासगी फोटोंची असेल तर सामान गेलं खड्ड्यात, आधी सायबर पोलिसांकडे जा. कुकरचं नंतर बघू.

पण बहुतेक ब्रेकअप इतके फिल्मी नसतात. बहुतेक वेळा वस्तू अडकते ती मागितलीच जात नाही म्हणून. किंवा मागितली जाते ती अशी, ‘तुला जमेल तेव्हा दे, घाई नाही.’ ह्याला मागणं म्हणत नाहीत! आणि खरं सांगू? बऱ्याचदा आपल्याला वस्तू नको असते, भेट हवी असते. ‘माझं स्वेटर राहिलंय तुझ्याकडे’ ह्याचा अर्थ काय होतो हे देणाऱ्याला कळतं आणि घेणाऱ्यालाही. स्वेटरपुरतं ठीक आहे. पण त्याच सुरात मोहनमाळही मागितलीत तर समोरच्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं. तेव्हा वस्तू एकीकडे, भेट दुसरीकडे. भेट हवी असेल तर सरळ कॉफीला बोलवा ना. आणि वस्तू हव्या असतील तर यादी पाठवा.

भेट की ठेव?

यादी करायच्या आधी एक चाळणी लावायची. दिलं होतं, की ठेवायला दिलं होतं? वाढदिवसाला दिलेलं घड्याळ, व्हॅलेंटाइनचे बूट, पहिल्या पगारातून घेतलेला फोन... ह्या भेटवस्तू. विसरा! मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, पण तुमच्या फोनलाही लागू आहे. जंगम वस्तू भेट म्हणून हातात दिली की भेट पूर्ण होते, आणि नंतर मूड फिरला म्हणून ती मागे घेता येत नाही. फोन तिचा आणि ईएमआय अजून तुमच्या कार्डावर, असंही होतं. वाईट वाटतं, कबूल. पण ईएमआय भरा. हे दोन्ही बाजूंनी लागू, त्यामुळे त्याने दिलेले कानातले परत मागायला तो आला तर मुलींनीही ‘घे रे बाबा’ म्हणून फेकून द्यायची सक्ती नाही. द्यायचे तर मनाने द्या.

ठेवायला दिलेलं, वापरायला दिलेलं, राहून गेलेलं, हे मात्र तुमचंच. सर्टिफिकेट्स, दागिने, लॅपटॉप, तुम्ही भाड्याच्या घरात आणलेला फ्रिज. दोघांनी मिळून घेतलेल्या वस्तू अर्ध्या-अर्ध्या. एकाने वस्तू ठेवायची, दुसऱ्याला पैसे द्यायचे, तेही आजच्या जुन्या वस्तूच्या भावाने. तीन वर्षं वापरलेल्या टीव्हीला नव्या टीव्हीची निम्मी किंमत मागणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आणि पुरावा? बिल कुणाच्या नावावर हे पहिलं विचारलं जातं. शब्दशः कागदी बिल असलंच पाहिजे असं नाही. शॉपिंग ॲपची ऑर्डर हिस्ट्री, यूपीआयची एंट्री, कार्डाचं स्टेटमेंट, फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय नंबर, दागिना घातलेला लग्नातला फोटो, सगळं कामाला येतं. ‘तुझी माळ माझ्या लॉकरमध्ये सेफ आहे’ असा त्याचा जुना मेसेज असेल तर तो सोन्याहून पिवळा. म्हणून रागाच्या भरात सगळं चॅट उडवू नका, प्लीज! न वाचता आर्काइव्ह करा.

गाडीचं जरा वेगळं आहे. स्कूटर तुमच्या नावावर आणि फिरवतो तो, म्हणजे सिग्नल तोडणार तो आणि ई-चलान येणार तुम्हाला. एवढ्यावर थांबलं तर नशीब. गाडी दुसऱ्याला विकून ताबाही दिला, पण आरसीवर नाव जुन्याच मालकाचं, अशा केसमध्ये अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय. तेव्हा यादीत कुकर वर असो की खाली, स्कूटर सगळ्यात वर! एक तर गाडी घ्या नाही तर रीतसर नावावर करून द्या, मधलं काही नको.

मेकॉलेचं घड्याळ

आता तुमच्यातले काही म्हणणार, ‘एवढं कशाला? डुप्लिकेट चावी आहे माझ्याकडे. तो ऑफिसला गेला की जाऊन घेऊन येते.’

थांबा. आपल्याकडे १८६० ची दंड संहिता होती, जिचा मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाने केला होता. तिच्यात चोरी म्हणजे काय हे समजवायला छोटी-छोटी उदाहरणं दिली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी ती उदाहरणं तशीच उचललेली आहेत. त्यातलं एक जणू आपल्यासाठीच लिहिलंय. एक माणूस आपलं घड्याळ जवाहिऱ्याकडे नीट करायला देतो. जवाहिऱ्याचं काही देणं नाही. तरी हा सरळ दुकानात शिरतो, त्याच्या हातातून घड्याळ हिसकावतो आणि चालू लागतो. ही चोरी का? नाही, कारण घड्याळ त्याचंच, मनात लबाडी नाही. पण दुसऱ्याच्या जागेत बेकायदा घुसण्याचा आणि अंगावर जाण्याचा गुन्हा मात्र झालेला असू शकतो!

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचं उदाहरण, पण फंडा एकदम क्लिअर. कुकर तुमचा असेल, दार तुमचं नाही. करारावर तुमचंही नाव असेल तर गोष्ट वेगळी, तोवर ते तुमचंही घर आहे. नाव नसेल तर चावी असणं म्हणजे परवानगी असणं नव्हे. त्यातून तुम्ही गेलात आणि नंतर त्याने ‘माझे वीस हजार कपाटातून गेले’ म्हणून सांगितलं, तर काय उत्तर देणार? मित्रांचं टोळकं घेऊन जाणं तर त्याहून वाईट.

कागदपत्रं अडकली असतील तर आणखी एक शॉर्टकट सुचतो, ‘हरवलं’ म्हणून पोलिसांत नोंद करायची आणि डुप्लिकेट काढायची. पासपोर्ट हरवलेला नाही, त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत असताना ‘हरवला’ असं लिहून दिलंत तर खोटी माहिती तुम्ही दिलीत. पासपोर्ट कायद्यानुसार तो सरकारच्या मालकीचा असतो, तुमच्याही नाही, मग त्याच्या बापाचा तर नाहीच. जे घडलं तेच लिहून द्या, की अमक्याकडे आहे आणि मागूनही देत नाही.

पोलिसांचा विषय निघालाच आहे तर सांगते. चौकीवर गेलात की पहिलं वाक्य बहुधा ऐकाल, ‘मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे.’ काही वेळा ते बरोबरही असतं. पाच हजारांच्या आतल्या चोरीत नव्या संहितेप्रमाणे पोलिसांना थेट एफआयआर घेता येत नाही, तो गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे कुकरची एनसी होईल. पण विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू कोणी लबाडीने लाटली, तर तो विश्वासघाताचा गुन्हा, कलम ३१६, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मोहनमाळ ह्यात बसू शकते. लेखी अर्ज द्यायचा आणि आपल्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्यायची. तोंडी सांगून घरी आलात तर तुम्ही आलाच नव्हतात.

दिवाणी कोर्टाचाही रस्ता आहे. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ प्रमाणे वस्तूऐवजी पैसे घेऊन भागण्यासारखं नसेल तर तीच वस्तू परत करायचा हुकूम मागता येतो. आजीची माळ तशी. मिक्सर तसा नाही, मिक्सरचे पैसे मिळतील. आणि लिमिटेशन ॲक्टमधली एक बारीक गोष्ट आहे, जी मला फार आवडते. ठेवायला दिलेली वस्तू परत मागायच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पण ती मोजायची कुठून? तुम्ही मागितलीत आणि त्याने नाही म्हटलं, त्या दिवसापासून. म्हणजे कायद्यालाही तुम्ही कधी मागितलंत आणि तो काय म्हणाला हेच आधी हवं असतं. ‘जमेल तेव्हा दे’ ह्याची तारीख कशी लावणार?

मुलींसाठी एक जास्तीचा दरवाजा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा लग्नासारख्या नात्यालाही लागू होतो. त्या नात्यात छळ झाला असेल, तर बाईचं स्त्रीधन आणि इतर मालमत्ता परत द्या असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. पण ‘लग्नासारखं’ म्हणजे काय? २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने अटी सांगितल्या. दोघं लग्नाच्या वयाचे, लग्नाला मोकळे, बराच काळ एकत्र राहिलेले, आणि जगासमोर नवरा-बायकोसारखे वावरणारे हवेत. नुसते वीकेंड एकत्र काढले तर नाही. आता बघा गंमत. माझी मैत्रीण वॉचमनला ‘कझिन’ म्हणून सांगून बसलेली! लपवल्याची किंमत अशी कुठून कुठून वसूल होते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे बायकांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी पगाराची अट नाही. पुण्यात शिवाजीनगर कोर्टात विचारा.

मैत्रिणीचं काय झालं ते सांगते. ती ह्यातल्या कुठेच गेली नाही. कोथरूडच्या मावशीकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. मावशी दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, ‘माळ कुठल्या बँकेत आहे?’

मावशी आयुष्यभर एका सरकारी ऑफिसात नोकरी केलेली बाई. तिने आधी वही घेतली. चौदा वस्तू, प्रत्येकीपुढे बिल कुणाचं, दिलेली की ठेवलेली. मिक्सरचं बिल त्याच्या नावावर निघालं, तो कापला. राहिल्या तेरा. मग डिपॉझिटचं. हिने त्याला तीस हजार यूपीआयने दिले होते, म्हणजे देणं उलट त्याचंच निघत होतं. मैत्रीण उसळून म्हणाली, ‘लिहिते हेही!’ मावशी म्हणाली, ‘नाही. पैशाचं वेगळं पत्र. ह्याच्यात फक्त वस्तू. पैशाचा वाद घातलास की तो वस्तू धरून बसेल.’ ह्याच्याइतका शहाणा सल्ला मला कुठल्या वकिलाकडून मिळालेला नाही.

मेल पाच ओळींचा गेला. ‘खालील तेरा वस्तू माझ्या आहेत आणि तुझ्याकडे आहेत. मोहनमाळ मी तुझ्या लॉकरमध्ये ठेवायला दिली होती. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मी मावशीबरोबर बँकेत आणि त्यानंतर फ्लॅटवर येईन. वेळ बदलायची असेल तर गुरुवारपर्यंत कळव. ताब्यात मिळालेल्या वस्तूंची पोच मी सही करून देईन.’ बस. ‘तू असं का केलंस’ नाही, ‘मला वाटलं नव्हतं’ नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. (माझ्यासारखीला हे अवघडच!) शनिवार पहिला निवडला, कारण दुसऱ्या-चौथ्याला बँक बंद.

आणि त्या शनिवारच्या आधी, बुधवारी, तिने सांगलीला फोन केला आणि आईला स्वतःच सांगितलं. पावणेबाराच्या त्या मेसेजमधली हवा तिथेच गेली. आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी फोन आला, ‘कुकर तरी आणलास का?’

बँकेत तो आला. लॉकर त्याच्या नावावर, त्यामुळे आत तोच जाणार. मावशी बाहेर सोफ्यावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. डबी आली, हिने मणी बघितले, फासा बघितला, पोच लिहून सही केली. तो म्हणाला, ‘काकू, तसं काही मनात नव्हतं माझ्या.’ मावशी म्हणाली, ‘नव्हतं ना? मग झालं तर. स्कूटरची चावी आणलीस का रे?’

पुस्तकांचं शेल्फ टेम्पोत मावलं नाही, ते तिथेच राहिलं. डिपॉझिटचं पत्र गेलंय, दहा हजार आलेत, वीस बाकी.

आता दुसरी बाजू. त्याचं हेल्मेट, तिचा हेअर ड्रायर, त्याची कॉलेजची ट्रॉफी तुमच्याकडे आहे? मग ह्या गोष्टीतला ‘तो’ तुम्ही आहात. जाळायचं नाही, सेकंडहँड साइटवर टाकायचं नाही, भंगारवाल्याला तर नाहीच नाही. आणि ‘आधी माझं दे मग तुझं देते’ हा खेळ शाळेत ठीक होता. सगळं एका खोक्यात भरा, वरून एक फोटो काढा, मेसेज टाका, ‘तुझ्या वस्तू खोक्यात भरल्यात, फोटो पाठवलाय. रविवारी दुपारपर्यंत कुणालाही पाठव.’ खोकं सोसायटीच्या ऑफिसात ठेवलंत तर नेणाऱ्याची रजिस्टरवर सही घ्या. रविवारी कोणी आलं नाही तर पुन्हा एक मेसेज, पुढच्या रविवारची तारीख टाकून. आणि हो, खोक्यात चिठ्ठी ठेवायची नाही. तुम्हाला माहितीये मी कशाबद्दल बोलतेय.